आभाराचा भोंगा

अन्याय झाला मालतीकाकूंवर, परवा मंगळवारी, सकाळी साडेदहाला. त्यांनी आमच्या व्यसनमुक्ती केंद्राला देणगी दिली होती. केंद्राच्या ऑफिसने फुलांच्या चौकटीत त्यांचं नाव घालून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ‘मुलगा दारूतून सुटला, म्हणून आईची कृतज्ञता!’ हे कारण त्यांनी हळूच फक्त मला सांगितलं होतं. देणगी घेताना पावतीच्या ऑफिसप्रतीमागे ते लिहून ठेवणारी मीच.

माफी मागायला गेले. टेबलावरचा फोन सारखा वाजत होता आणि काकू दर वेळी त्याच्यावर तळहात ठेवत होत्या, रडणाऱ्या बाळाला थोपटावं तसा.

“जोडलेले हात पाठवतायत गं सगळे,” त्या म्हणाल्या. “पोराला नोकरी लागून महिना नाही झाला. त्याचे साहेब बी विंगमध्येच राहतात. तेही ग्रुपवर आहेत.”

मी फोनवरच्या त्यांच्या तळहाताकडे बघत राहिले. दिलेले पैसे संस्थेचे झाले, कबूल. पण घरातलं दुखणं कुठे दान केलं होतं त्यांनी? मागताना आम्ही किती हळू बोलतो, आणि आभार मानायला भोंगा लावतो!

तेव्हा उद्या दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर आधी विचारा: माझं नाव, माझा नंबर, माझं कारण कुठे कुठे जाणार? लेखी मागा. नाही दिलं, तर परत पाठवा. मी आले असले, तर मलासुद्धा.