सात नंबरची चिठ्ठी

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर लहान सायकलची एक रिंग नट-बोल्टनं बसवलेली आहे. तारा काढलेली, नुसती लोखंडी गोल. दुपारी चारच्या सुमाराला तिची सावली अंगणात उतरते आणि सरकत सरकत माझ्या खाटेपर्यंत येते. मी खाट हलवायची. दुसऱ्या दिवशी सावली पुन्हा यायची. कधी कधी त्या रिंगवर चेंडू आदळल्याचा आवाजही येतो. दोनदा. अंगणात कोणी नसतं. सून म्हणते, वाऱ्यानं पत्रा वाजतो. वाजत असेल. पण पत्रा रोज बरोबर दोनदा वाजून थांबत नाही.

रिंग माझ्या नातीसाठी तिच्या बापानं बसवली. ती कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. उंच पोर. गावात तिला उंट म्हणायचे. मी चौथी शिकलेली, मला एवढंच कळलं की टोपल्यात चेंडू टाकायचा आणि टोपल्याला बूड नाही. मी हसले होते. नात म्हणाली, "आजी, बूड असतं तर चेंडू काढाले तुले वर चढवलं असतं."

पहिल्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धा झाल्या तेव्हा गावातून मी आणि तिचा बाप, दोघंच गेलो. कबड्डी असती तर लोक झाडावर चढले असते. हा खेळ कोणाला माहीत नव्हता आणि पोरींचा तर कोणाला बघायचाही नव्हता. नात जिंकून आली. एस.टी.तून उतरून स्टँडवरून घरापर्यंत चालत आली, हातात ढाल घेऊन. पानठेल्यावरच्या एकानं विचारलं, "काय वं, हे परात कितीले घेतली?"

दुसऱ्या वर्षी दोन जीपा भरून लोक गेले.

त्याचं कारण आमचा पंक्चरवाला. आमच्याकडे आकडा नवीन नाही. माझा नवरा जिवंत होता तोवर रोज आकडा लावायचा. स्वप्नात म्हैस दिसली तर कोणता आकडा, विंचू दिसला तर कोणता, हे त्याला पाठ होतं. लग्नाची तारीख विचारली तर सांगता यायची नाही. पुढे आकडा फोनमध्ये गेला आणि म्हाताऱ्यांची मजा गेली. तेव्हा पंक्चरवाल्यानं शोध लावला. बास्केटबॉलमध्ये गुण चाळीस-पन्नासपर्यंत जातात. सामना संपला की आपल्या संघाच्या गुणांचा शेवटचा आकडा धरायचा. त्रेचाळीस झाले तर तीन. एकोणपन्नास झाले तर नऊ. दहा रुपयांची चिठ्ठी, लागली तर नव्वद.

"मुंबईचा आकडा कोण काढते, कोणाले मालूम?" तो दुकानासमोर उभा राहून सांगायचा. "हा तं फळ्यावर सर्वायसमोर निघते. इथं लबाडी कोण करन?"

लोकांना पटलं. मलाही पटलं.

ज्यांना या खेळाचं नाव घेता येत नव्हतं त्यांना पंधरा दिवसांत सगळं कळायला लागलं. कोणती टाक दोनची, कोणती तीनची, फाउल कशाला म्हणतात. पानठेल्यावर बसून म्हातारे वाद घालायचे. गाव खेळ कसा शिकतं ते मी पाहिलं. खेळ आवडला म्हणून कोणी शिकलं नाही. पण चिठ्ठी नसती तर माझ्या नातीचा खेळ गावानं जन्मात पाहिला नसता, हेही खरं आहे.

नातीला चिठ्ठ्यांचं माहीत नव्हतं. ती कॉलेजजवळ खोली करून राहायची. मैदानावर दोन जीपा उतरल्या तेव्हा ती धावत माझ्याजवळ आली. "आजी, पाह्य ना! रिसोडच्या पोरीयले पाहाले कुत्रं नाही आलं. आपलं पुरं गाव आलं. माह्यासाठी."

मी म्हटलं, "व्हय."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण तिचं तोंड एवढं उजळलं होतं की मी गप्प बसले. आणि माझ्या कमरेच्या पिशवीतही एक चिठ्ठी होतीच.

त्या स्पर्धेत ती वेड्यासारखी खेळली. लोक ओरडले की ती अजून वर उडायची. तिच्या पाठीवर सातचा आकडा होता. म्हणून फायनलला जवळजवळ सगळ्या गावानं सातच लावला. पंक्चरवाला कुरकुरला, "सारे सातच लावता का गा? लागला तं मले दुकान विकाव लागन." लोक म्हणाले, आमची पोर सात नंबर, दुसरा आकडा लावणं म्हणजे गद्दारी. मीही सात लावला. मायेनं लावला. हे लिहिताना लाज वाटते, पण मायेनंच लावला.

फायनल जिंकली तर तिचं नाव विद्यापीठाच्या संघासाठी पाठवतो, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. ते तिनं मला तीनदा सांगितलं होतं. ते मला माहीत होतं, हे आधी सांगून ठेवते.

ऊन उतरत आलं होतं. वेळ संपला तेव्हा फळ्यावर आमचे सत्तेचाळीस होते आणि त्यांचे अठ्ठेचाळीस. त्याच क्षणी एका पोरीनं माझ्या नातीला पाडलं. शिट्टी वाजली. पंचानं दोन बोटं दाखवली. दोन फ्री थ्रो. बाकीच्या पोरी बाजूला झाल्या आणि ती एकटी रिंगसमोर उभी राहिली. एक गेला तर बरोबरी. दोन गेले तर जिंकलो. एकही गेला नाही तर हरलो, आणि आकडा सातच राहिला.

आमच्यातला प्रत्येक जण फळ्याकडे बघत होता. मग मागून कोणीतरी म्हणालं, "चुक."

हळूच म्हणालं. मग दुसऱ्यानं म्हटलं. मग सगळे. "चुक! चुक! चुक!" टाळ्या वाजवत, जसं देवळात म्हणतात तसं. नातीनं आमच्याकडे वळून पाहिलं. तिला वाटलं असेल, समोरच्या गावचे लोक आमच्यात येऊन बसले.

चेंडू रिंगवर आदळून बाहेर पडला. माझ्या अंगात काय आलं सांगता येत नाही. मी उभी राहिले, पदर खोचला आणि ओरडले. "चुक!"

दुसराही आदळला आणि बाहेर पडला.

हरलेल्या संघाचं गाव नाचताना मी त्याच दिवशी पाहिलं. जिंकलेल्या पोरी आमच्याकडे बघत राहिल्या, त्यांना स्वतःचं नाचायचं सुचेना. कोणीतरी गुलाल आणला होता. जिंकलो तर लागेल म्हणून आणला असेल. तो त्यांनी माझ्या नातीच्या कपाळाला फासला. "सात नंबर पोरीनं गाव तारलं!" ती गुलाल लावून घेत उभी होती. हात खाली. चेंडू कुठे गेला होता कोणास ठाऊक.

परत येताना ती आमच्याच जीपमध्ये बसली. तोवर चिठ्ठ्यांचं तिला कळलं होतं. एक जण भजी खात खात तिलाच समजावून सांगत होता. तिच्या बापानं मान वर केली नाही. त्यानंही सात लावला होता. कामरगावचा फाटा मागे पडल्यावर तिनं मला विचारलं, "आजी, तू उभी राहून काय म्हणत होती?"

"टाक म्हणत होती," मी म्हणाले.

"टाक?"

"मंग? टाकच म्हणीन ना मी."

ती बाहेर बघत बसली. गुलाल तिच्या घामानं ओघळून कानापाशी वाळला होता.

पुढच्या वर्षी ती खेळली नाही. गावही गेलं नाही. पंक्चरवाला खरंच बुडाला आणि फोनवरच्या क्रिकेटकडे वळला. पानठेल्यावर त्या खेळाचं कोणी नाव काढत नाही. नात आता वाशीमला एका औषधाच्या दुकानात काम करते. मी विहारात बसून पंचशील म्हणते. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, ही ओळ आली की माझं तोंड हलतं, आवाज निघत नाही. शेजारची बाई कोपरानं ढोसते, तिला वाटतं मला डुलकी लागली.

यंदा सोयाबीन निघाल्यावर नात चार दिवस आली. मी तिला म्हटलं, रिंग काढून टाक, मला तिचा त्रास होतो. ती स्टूलावर चढली, पाना घेऊन. नट गंजले होते. ती जोर लावत होती आणि मी खालून स्टूल धरलं होतं. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं.

"मी टाक नोयतं म्हणलं. चुक म्हणलं होतं."

पाना थांबला नाही. "मालूम हाय."

"कसं?"

"तेवढ्या गर्दीत बाईचा आवाज एकच होता."

मी म्हणाले, "मंग जीपमदी विचारलं कायले?"

"तू खरं सांगतं का, ते पाहत होती."

नट निघाला नाही. ती खाली उतरली, हात पुसले आणि म्हणाली, तेल टाकून ठेव, पुढच्या खेपेला काढू. चारच्या जीपनं गेली. मी तेल टाकलेलं नाही. रिंग आहे तशीच आहे. आता सावली आली तरी मी खाट हलवत नाही. ती अंगावरून जाईपर्यंत पडून राहते.