सुताचा इंच

सूत म्हणजे नेमकं किती, हे न विचारताच मी प्रोग्रामात एक इंच लिहून टाकला.

माझे काका देवगडच्या खाडीकाठी होड्या बांधायचे. मी पुण्यात टेस्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रामांतल्या चुका काढायचा पगार घ्यायचो. सुट्टीवर आलो तो ऑफिसचा लॅपटॉप मिरवत, आणि काकांना म्हणालो, नव्या होडीच्या दोन टोकांच्या फासळ्यांचं आणि पोटातल्या सगळ्यात रुंद फासळीचं माप द्या, मधल्या फासळ्यांची मापं हा काढून देईल.

पडताळ्यासाठी काकांनी जुन्या होडीच्या दहा फासळ्यांची मापं दिली. मी लिहिलेल्या प्रोग्रामाचं उत्तर आणि काकांचं माप तंतोतंत जुळलं तर पास, अशी चाचणी मी लिहिली. दहाच्या दहा नापास. पहिली ओळ पाहिली: काकांचे तीस इंच, संगणकाचे २९.९९९९९९९९९९९९९६. संगणकाला दशांश नीट साठवता येत नाहीत, ही त्याची जुनी खोड. थोडा फरक चालवून घ्यायचा असतो. किती, तेवढं ठरवायचं. बाकीच्या नऊ ओळी मी वाचल्याच नाहीत.

"काका, किती इकडेतिकडे चालतं?"

"सुताभर चलता. त्येच्या फुडे गेलां काय फळी बसणा नाय."

मी जन्मात रंधा धरला नव्हता. सूत म्हणजे बोटभर असेल, असा हिशोब करून इंच लिहिला. दहाच्या दहा पास.

काकांनी दोन वर्षं सावलीत वाळवलेला साग बाहेर काढला. दुसरा नव्हता. प्रोग्रामाने काढलेल्या मापांच्या माझ्या कागदावरून फासळ्या कापल्या, उभ्या केल्या आणि बाहेरून फळी दाबून पाहिली. टोकांना टेकली, पोटाला टेकली, मधल्या चार फासळ्यांना काही केल्या टेकेना. काकांनी फटीत बोट घातलं. आरामात गेलं.

"ह्यां किती?"

"पाऊण इंच," मी म्हणालो. "म्हणजे सुताच्या आतच."

काकांनी खिशातून पट्टी काढून माझ्या नाकासमोर धरली. इंचाचे आठ भाग, त्यातल्या एकावर नख ठेवलं. "ह्यां सूत."

मग मी त्या नऊ ओळी वाचल्या. मधल्या मापांचं माझं गणितच चुकलं होतं. चाचणी ते पहिल्याच दिवशी सांगत होती. मीच इंचभर बोळा कोंबून तिला गप्प केलं होतं. काकांना समजावू लागलो की संगणक बरोबरच होता, तपासताना मी जरा सैल सोडलं, एवढंच.

काकांनी आखूड पडलेल्या चार फासळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इंजिनेरिंगाचो तुझो पेपर तपासणाऱ्यानय असोच इंच सोडलेलो आसतलो."