खालून तिसरा टी-शर्ट

आमच्या थोरल्या जाऊबाई नवसाबाई गेल्या त्याला आज बावीस दिवस झाले. दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, लय माणसं आली होती. सगळे म्हणत होते, मखमलाबादची भाजीवाली गेली, तिच्यासारखी मेथी कुणाची नाय. खरंच हाय ते. पण टी-शर्टाचं कुणीच बोललं नाय. बोलणार कसं, माहीत कुणाला. म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण दुकानात कॉम्प्युटरवर मंडळांची नावं टाकून टाकून बोटं बसली हायत, तर जसं बोलते तसं टाईप करते. चुकलं तर तृप्ती नीट करील. तृप्ती म्हणजे तिची सून.

लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहोजाहो करायचे. एक दिवस म्हणाली, "मला अहो नको म्हनू, सासू झाल्यावानी वाटतं. घरात एक हाय ना, तेवढी बास." तेव्हापासून मी तिला बाई म्हणते आणि अगं-तुगं करते. इथं पण तसंच लिहिते, कुणी राग मानू नका.

रोशनीचे पप्पा, म्हणजे माझे मालक मनोज, स्क्रीन प्रिंटिंग करायचे. पडवीत एक टेबल, चार लाकडी फ्रेमा, फ्रेमला जाळी ताणलेली. वर शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं ओढायची की खाली नाव उमटतं. लग्नपत्रिका, दुकानाच्या पिशव्या, असलं काम. मी छापलेला कागद उचलून वाळत टाकायचे. पंच्याण्णवच्या होळीला त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. रोशनी पाच वर्षांची होती.

आषाढात माझा भाऊ धोंडीराम दिंडोरीहून जीप घेऊन आला. मला पेटी भर म्हणाला. वाईट मनानं नाय.

"चल मने. इथं आता तुझं काय हाय? तिकडं आई हाय, मी हाय. रोशनीला तिथल्या शाळेत घालू."

थोरले दीर खंडेराव, म्हणजे बाईचे मालक, सुपारी कातरत बसले. मला जायचं नव्हतं. भावजय माझी चांगली हाय, पण तिथं मी मरेपर्यंत पाहुणीच राहिले असते. इथं ते टेबल होतं. पण मी पेटी पुढं ओढली.

बाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "पेटी ऱ्हाऊ द्या पाव्हनं. भावजींनी जायच्या आधी एका मंडळाला शंभर टी-शर्टांचा शब्द दिलाय. तो कोन पुरा करनार? तुमी?"

"मला काय येतंय त्यातलं!"

"मंग जिला येतंय तिला करू द्या."

"हिला कुठं येतंय? ही नुसती दोरीवर वाळत घालायची."

"तुमी जीप शिकले तवा पहिल्याच दिवशी घाटात घातली व्हती का?"

भाऊ हसला, पण हट्टाचा पक्का. म्हणाला, "बरं. गणपती बसेपर्यंत थांबतो. टी-शर्ट पोचले तर हिची मर्जी. नाय पोचले तर मी पेटी उचलनार. मंग अडवू नका."

"नाय अडवनार," बाई म्हणाली.

आता खरं सांगायचं तर टी-शर्ट ह्यांनी पण कधी छापले नव्हते. नवीनच डोक्यात घेतलं होतं. कोरे टी-शर्ट कुठं मिळतात तेच आम्हाला माहीत नाय. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवाल्यांना इचारत इचारत एका ठोक दुकानात गेलो. मी, बाई आणि तिची भाजीची पाटी. पाटी ती कुठंच सोडायची नाय.

शेठनी काउंटरवर एक पांढराशुभ्र टी-शर्ट टाकला. असा चमकत होता की मी लगेच हो म्हणाले असते. बाईनं त्याला हात पण लावला नाय. शेजारी शंभर-दीडशेचा ढीग होता, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खालून तिसरा ओढला. सगळा ढीग कलंडला.

"अवो मावशी! घडी मोडू नका. हा दाखवलाय ना, हाच माल हाय."

"हा तुमी दाखवायला ठेवलाय. मी बी बाजारात बसते शेठ."

"मंग खालचाच घ्यायचा ना सगळ्यात."

"सगळ्यात खाली बी हुशार मानूस चांगलाच ठेवतो. मधलं कुनी सजवत नाय."

तिचं स्वतःचं उलट होतं. ती पाटीत सगळ्यात वाईट जुडी वर ठेवायची. सासूबाई रोज बोलायच्या, गिऱ्हाईक पळवतेस म्हणून. बाई म्हणायची, वाईट बघून जो घेतो तो घरी जाऊन रडत नाय.

मग तिनं टी-शर्ट दोन मुठींत धरून भाकरीच्या पिठासारखा चोळला. हाताला पांढरी भुकटी लागली. शेठला हात दाखवला. "खळ हाय ही. सुकल्या भाजीवर पानी मारत्यात तसं. पहिल्या धुन्यात जाईल आन खाली नुसतं फडकं ऱ्हाईल." मग दाराच्या उजेडात धरला. "मनीषे, माझं तोंड दिसतं का?" म्हटलं, दिसतं. "मंग नको. पोरांनी आत बनेन घालून गनपती आनायचा का?" मग गळा गुडघ्यावर चढवून ताणला आणि सोडला. तो तसाच लोंबत राहिला. शेठच्या नोकराला हसू आवरंना.

शेठ चिडले. "मावशी, ही मेथी नाय!"

"म्हनून तर बघते. मेथी वाईट निघाली तर मानूस एक दिस शिव्या देतो. हे वर्सभर अंगावर ऱ्हानार. वर्सभर शिव्या कोन खाईल? ही पोर खाईल." आणि माझ्याकडं बोट केलं.

शेठनी मागून दुसरे दोन गठ्ठे काढले. बाईनं तिन्ही गठ्ठ्यांतला खालून तिसरा एकेक घेतला आणि म्हणाली, "परवा सांगते."

घरी येऊन तिनं तिन्ही वितीनं मोजले. किती विती, किती बोटं, तेवढ्या गाठी सुतळीला मारल्या. मग धुतले, कुंपणावर वाळवले, परत मोजले. चमकणारा चार बोटं आटला. दुसऱ्याची शिवण कुशीतून फिरून पोटावर आली, घातल्यावर माणूस वाकडा उभा असल्यासारखा दिसायचा. तिसरा दिसायला मंद, हाताला खरबरीत, पण एकच बोट आटला आणि शिवण जाग्यावर. तो घ्यायचा ठरला. भावात चमकणाऱ्यापेक्षा दोन रुपये जास्त, पण बाईनं त्यावर शंभराला पाच वर मागितले. शेठ म्हणाले, ही काय पद्धत? ती म्हणाली, आमच्या बाजारात शेकडा म्हनजे एकशेपाच. शेठनी डोक्याला हात लावला आणि दिले. ते पाच आमच्या घरात लय वर्षं चालले. खंडेराव तर मळ्यात तोच घालायचे.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मग आमचं चुकलं.

बाई म्हणाली, एक बोट तरी का आटू द्यायचं. छापायच्या आधीच धुवून टाकू, जे आटायचं ते आपल्याकडंच आटंल. धुतल्याशिवाय माल बाजारात न्यायचा नाय, हे तिच्या हाडात होतं. मला पण पटलं. आम्ही दोघींनी मेथीसारख्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, काथ्यानं आवळल्या आणि मळ्याशेजारच्या ओहोळाला नेल्या. जिथं मुळे, गाजरं धुतो तिथंच. हात धरून बुचकळायचं, झटकायचं, काठावर टाकायचं. विहीर होती, नळ होता, पण डोक्यात दुसरं आलंच नाय. भाजी धुवायची सवय.

वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी जरा लाल होतं. भाजीला काय फरक पडतो?

जुड्या सोडल्या. वरच्या घड्या चहासारख्या, आतल्या पांढऱ्या, मध्ये पट्टे. शंभरच्या शंभर. गणपतीला अकरा दिवस. मी तिथंच काठावर बसले. पेटीच दिसायला लागली डोळ्यापुढं.

बाई पण पहिल्यांदा घाबरलेली बघितली. मग म्हणाली, "मी केलं हे. तुझं डोकं कापडाचं हाय, माझं भाजीचं. तू आता माझं ऐकू नको. तू सांग काय करायचं."

मला कुणी असं कधी म्हटलंच नव्हतं, तू सांग. मी म्हणाले, विहिरीवर न्यायचे. सोडा टाकून, एकेक मोकळा करून. तीन दिवस आम्ही दोघींनी तेच केलं. तिनं बाजार बुडवला. पट्टे गेले, पण पांढरे काय ते झाले नाय. सगळ्यांना एकसारखा मातकट रंग आला, नासलेल्या दुधाचा असतो तसा. दोन-चार जरा जास्तच.

मग छापले. पाठीवर मंडळाचं नाव, छातीवर बारका मोदक, लाल शाईत. पट्टी मी ओढायचे आणि दोरीवर वाळत घालायचं काम बाईकडं. पहिले सहा घरातल्या जुन्या कापडावर काढले, हात बसेपर्यंत. ती म्हणायची, "जोर कमी लाव, भाकरी नाय ती." वाळले की उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची, म्हणजे शाई धरते. एवढं मी ह्यांच्याकडून ऐकलेलं होतं, तेच कामाला आलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी धोंडीराम आला. आल्या आल्या म्हणाला, "पेटी आताच मागं टाकू का?" बाई म्हणाली, "आधी टी-शर्ट टाका." त्याच्याच जीपमधून आम्ही नाशिक रोडला निघालो.

गठ्ठे बांधताना मी सगळ्यात मातकट टी-शर्ट हातात घेऊन उभी होते. खाली ठेवू का वर? बाईला इचारलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक तुझं हाय." मी वर ठेवला.

मंडळाचे भिकनभाऊ नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. मांडवापाशीच भेटले. गठ्ठा सोडला आणि तोंडच उतरलं त्यांचं. "वहिनी, हे काय? पांढरे सांगितले होते."

मी बाईकडं बघितलं. ती मांडवाचं छत बघत होती, जसं काय कधी छत बघितलंच नाय. मग मीच बोलले. ओहोळात धुतले, आमची चूक हाय, पाणी लाल होतं. पण तीनदा धुतलेले हायत. आता आटायचे नाय, शिवण फिरायची नाय, शाई सुटायची नाय. एक नेऊन आत्ता धुवा. आटला तर सगळे परत नेते.

भिकनभाऊंनी गळा ताणला, सोडला. परत जाग्यावर आला. म्हणाले, "गेल्या साली दुसरीकडून घेतले होते. एका धुण्यात माझ्या पोराला यायला लागले." मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, विसर्जनाला गुलालात पांढरं कुठं दिसतंय? उलट आधीच मळलेले हायत, आया बोलणार नाय!" सगळे हसले. भिकनभाऊ हसले नाय. एकेक काढून बघत गेले. आठ-दहा बघून थांबले. "हा वरचाच सगळ्यात खराब हाय."

"हो," मी म्हणाले. "बाकीचे त्याच्यापेक्षा बरे हायत."

त्यांनी तो वरचा परत घडी करून ठेवला. मग म्हणाले, "ठेवा. आणि नवरात्राला शेजारच्या मंडळाला पण लागतील, सांगतो त्यांना. पण वहिनी, पांढरे म्हटले तर पांढरे आणा."

परत येताना पंचवटीत बाईनं जीप थांबवायला लावली. "मला हितंच उतरवा. गोन्या घ्यायच्यात." माझ्याकडं न बघता उतरली आणि चालायला लागली. जीपमध्ये मी आणि भाऊ दोघंच राहिलो. तो म्हणाला, "मग?"

"दादा, मी ऱ्हाते."

त्यानं मान हलवली आणि गिअर टाकला. घरी जेवला, रोशनीला कडेवर घेऊन मळा फिरवून आणला, आणि जीप रिकामी घेऊन गेला.

त्यानंतर चौदा वर्षं, ती जाईपर्यंत, आम्ही त्याच पद्धतीनं माल घेतला. दोन हजार तीनच्या सिंहस्थात तर दिवसाला दोनशे छापले. कंपनीची माणसं यायची, कापडाचं वजन इतके जीएसएम तितके जीएसएम सांगायची. बाई डोळे मिटून कापड हातात धरायची आणि सांगायची, हे पोराला दोन वर्षं जाईल, ते सहा महिने. कधी चुकली नाय. आता माल घ्यायला मी एकटी जाते.

भाऊ रिकामी जीप घेऊन गेला त्या दिवशी बाई पायी घरी आली. हातात गोण्या नव्हत्या. चुलीपुढं दोघीच होतो. मी इचारलं, "बाई, मी जाते म्हणाले असते तर?"

"तर गेली असतीस. पेटी मी भरून दिली असती."

"आणि वाईट वाटलं असतं का?"

"गप. पीठ मळ," म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.