आप्पांचा हिरवा चहा

माझी वर्गमैत्रीण पहिल्यांदा कोपरखैरण्याला आमच्या घरी आली, ती आप्पांसाठी ग्रीन टीचा डबा घेऊनच. तिचे वडील डॉक्टर. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आप्पा एपीएमसीत कांद्याच्या गोणी उचलतात. त्यांना शुगर आहे, आणि त्या महिन्यात लघवीच्या तपासणीत प्रोटीन आलं होतं. डॉक्टरांनी किडनीसाठी एक नवी गोळी सुरू केली होती.

आमचा दोघींचा प्रोजेक्ट एकच होता: ग्रीन टीमधले घटक मधुमेहात किडनीचं रक्षण करतात का. वाचन बहुतेक मीच केलं होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत आशा दिसते, माणसांबद्दल अजून ठाम सांगता येत नाही, हे वाक्यही माझंच. पण आप्पांशी बोलली ती. ते मांडी घालून ऐकत होते. चहातली साखर कमी करा, असं मी वर्षभर सांगत होते तेव्हा ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ती गेल्यावर म्हणाले, "पोरगी किती गोड समजावती. तू नुसती घाबरवतीस."

"मी तेच सांगत होते, आप्पा."

"सांगत व्हतीस. समजावत नव्हतीस."

दुसऱ्या दिवसापासून ते बिनसाखरेचा हिरवा चहा प्यायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं. पण फडताळात तो डबा दिसला तरी माझं डोकं फिरायचं.

चार-पाच दिवसांनी नव्या गोळ्यांची पट्टी पाहिली. एकही कमी झाली नव्हती. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्याकडे काढा सुरू असला की डॉक्टरांचं औषध थांबवतात, दोन्ही मिळून उष्ण पडतं म्हणून. आप्पांनी ग्रीन टीला काढा समजून गोळी सोडली होती.

तरी मी गप्प बसले. पुढच्या तपासणीत कळू दे त्यांना, कोणाचं ऐकलं ते, असं मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं खरं. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी कामावरून येऊन मोजे काढले. सुजलेल्या पायांवर खोल वळ उठले होते. मी त्यांच्यासमोरच मैत्रिणीला फोन लावला, दोन दिवसांपूर्वी पाहिलेल्या पट्टीसकट सगळं सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

"काका, तो काढा नाही, नुसता चहा आहे. गोळी घ्यायचीच. आणि पाय सुजलेत ते उद्याच डॉक्टरांना दाखवा."

"बरं बाळा," आप्पा म्हणाले. मला ते कधी बाळा म्हणत नाहीत.

मी पाणी दिलं. गोळी गिळून ते म्हणाले, "तुला ठावं व्हतं, मग तू का नाय बोललीस?"

मी रिकामा पेला घेऊन आत गेले.