चोपड्याचा पलंग

आईला धुळ्याहून जळगावला आणायचं ठरलं त्या दिवसापासून मला घोर लागला होता. वडील गेल्यावर ती तिथल्या घरात एकटीच राहत होती. न्हाणीत दोनदा घसरून पडली तेव्हा मी म्हटलं, आता बास. आम्हीही त्याच सुमारास जुनी जागा सोडून मोठ्या फ्लॅटमध्ये जात होतो. तिच्यासाठी एक खोली निघत होती, आणि त्या खोलीत काय ठेवायचं यावरून माझं नवऱ्याशी वाजलं.

तो म्हणाला, "नवा बुटका पलंग घेऊ. चढायला-उतरायला सोपा. धुळ्याचं ते लाकूड भंगारात दे."

"भंगार म्हणायचं काम नाही. जुनं ते सोनं," मी म्हटलं.

खरं तर लाकडाशी मला काही देणंघेणं नव्हतं. आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाने वडिलांना असंच गावाहून आणलं होतं. नवी खोली, नवी गादी, सगळं कोरं करकरीत. आजोबा दिवसभर एकच विचारायचे, घरी कधी जायचं? दिवाळीही बघितली नाही त्यांनी. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळी डोळे उघडल्यावर आईला आपलंच सगळं दिसलं पाहिजे, म्हणजे ती तगेल, असं मी धरून चालले होते. आईला विचारलं का? विचारलं की. ती म्हणाली, "तुम्हाला पटेल ते करा." आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात आणि आपण त्याला होकार समजतो.

मग काय, सागवानी पलंग, आरशाचं कपाट, गोल टेबल, दोन खुर्च्या, सगळं टेम्पोत चढलं. पारोळा, एरंडोल येईपर्यंत मी मागच्या गाडीतून त्या आरशावर नजर ठेवून होते. पलंग लिफ्टमध्ये मावेना. हमालांनी तो जिन्यावरून वर नेला आणि प्रत्येक वळणावर माझा उद्धार केला. धुळ्याच्या खोलीचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता, तो बघून बघून मी सगळं होतं तसं लावलं. चादरसुद्धा तीच. मग आईला हाक मारली.

ती उंबऱ्यात उभी राहिली, एकदा सगळीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "बरं केलंस," म्हणाली.

त्यानंतर तिने खाणं सोडलं. सोडलं म्हणजे, अर्धी भाकरी खायची आणि ताट सरकवायची. भरीत केलं, शेवभाजी केली, कळण्याची भाकरी केली. "भूकच नाही गं." स्वतःहून काही मागायची नाही, चहासुद्धा नाही. मला वाटलं, लेकीचं घर आहे, संकोच करतेय. मी चिडलेही. "मी परकी आहे का तुला?" ती नुसती हसली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणाले. पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, ते मला दिसत होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. मी येता-जाता तिच्या दारातून डोकावायचे, छाती हलतेय ना ते बघायला. ती पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून झोपलेली असायची, बाकीचा सगळा पलंग मोकळा. मला आठवतं तेव्हापासून ती तशीच झोपते. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, झोप तरी तिची पहिल्यासारखी आहे.

एवढ्यावर थांबावं ना. मी पलंगाला पॉलिश करायला माणूस बोलावला. आई मेथी निवडत बसली होती.

"कशाला?" ती म्हणाली.

"तुझ्या लग्नातला पलंग आहे. चमकू दे की जरा."

तिचे हात थांबले. माझ्याशी ती एरवी शहरातलं बोलते, पण आतलं काही आलं की अहिराणीच येते. "हाऊ मना लगनना नही," ती म्हणाली. "बठ्ठं तिनं शे."

सगळं तिचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या पहिल्या बायकोचं. ती चोपड्याची होती आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत काविळीने गेली, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिच्या नावाचा सोन्याचा टाक आई गळ्यात घालते. दुसरेपणाची बायको सवतीचा टाक घालते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. चोपड्याचे लोक रीतीप्रमाणे आईलाच आपली लेक मानून दर दिवाळीला साडी पाठवतात, मी त्यांना मामाच म्हणते. पण पलंग, कपाट, टेबल हे त्या लेकीचं आंदण होतं, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. आईच्या बापाने तर नारळ आणि मुलगी दिली होती.

"मी घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं, तिच्या वस्तू आहेत, जपून वापर," आई म्हणाली. "जपूनच वापरलं बाई."

मला रडू आलं आणि संतापही आला. "मग धुळ्यातच का नाही बोललीस?"

"तू इतक्या हौसेने बांधाबांध करत होतीस." तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "धुळं सोडताना मला तेवढंच एक बरं वाटत होतं. म्हटलं, हे तरी आता मागे राहील."

पॉलिशवाल्याला मी परत पाठवलं.

फर्निचरच्या दुकानात आई एकेका पलंगावर बसली, तळव्यांनी गादी दाबून पाहिली. शेवटी तिने पोपटी मखमलीचा, चमचमत्या बटणांचा पलंग निवडला. नवरा मागे तोंड फिरवून हसत होता. "मला हा आवडला," आई म्हणाली. आवडला हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

जुनं सामान भंगारात द्यायला तिने साफ नकार दिला. चोपड्याच्या मामांना फोन करायला लावला. केळी उतरवून परत निघालेली त्यांची पिकअप दारात आली, तेव्हा आईने पलंगावर खण-नारळ ठेवला आणि हळदीकुंकू वाहिलं. माहेरी जाणारीला रिकामं धाडत नाहीत. विधवेने ओटी भरावी का, हा प्रश्न तिथे कोणी काढला नाही. टाक मात्र तिच्या गळ्यातच राहिला.

नवा पलंग लागला त्या दुपारी ती दार लोटून झोपली. तास झाला, दोन झाले. आतून खोकला नाही की कूस बदलल्याचा आवाज नाही. काळजी काय पलंगाबरोबर चोपड्याला जाते होय? मी दार हळूच ढकललं.

आई पलंगाच्या बरोबर मधोमध पडली होती, दोन्ही हात दोन बाजूंना पसरून. तोंड अर्धवट उघडं. छाती हलताना दिसेना. मी जवळ गेले, वाकून तिच्या नाकाशी बोट नेलं.

"जित्ती शे मी," डोळे न उघडताच ती म्हणाली. "जाय, च्या ठेव."