नवरदेवाच्या हातातला माओरी सोटा

माझ्या साळ्याचं लग्न एका लिंबावर अडलं होतं, आणि त्यात लिंबाचा काहीच दोष नव्हता.

दोष माझ्या छंदाचा. ब्रह्मपुरीच्या घरात मी जुनी शस्त्रं आणि कोरीव वस्तू जमवतो. सुरुवात धानोऱ्याच्या बाजारातल्या लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या आणि कुऱ्हाडींपासून झाली. मग कुठेतरी न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या शस्त्रांचे फोटो पाहिले आणि माझी झोप उडाली. तिकडे नोकरीला असलेल्या शाळूसोबत्याच्या मी इतका मागे लागलो, की त्याने एका माओरी कारागिराकडून खास माझ्यासाठी सोटा करवून आणला. हातभर लांब, चपटा, अंगभर कोरलेले वळसे आणि मुठीवर एक चेहरा. शिंपल्याचे डोळे वटारलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर! देताना मित्राने कारागिराचा निरोप सांगितला, की याचा मान राखायचा आणि खाण्याची वस्तू याला लागू द्यायची नाही. त्याच दिवशी बायकोच्या लोणच्याच्या बरण्या त्या खोलीतून बाहेर गेल्या. (ती म्हणाली, "मलेही बाहेर काढा." मी विचार करतो म्हणालो. तसं म्हणायला नको होतं.)

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड पाहिजे. लग्नाला जाताना कट्यार देतात आणि नजर लागू नये म्हणून तिच्या टोकाला लिंबू खोचतात. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, चारचौघांत जाहीर करून टाकलं की कट्यार जवाईबापूंच्या घरची. एरवी ते माझ्या संग्रहाला भंगार म्हणत. मी ती कट्यार इतकी घासली, की तिच्यात तोंड दिसायला लागलं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच लाइट गेली. माझ्या सगळ्या वस्तू बायकोने एकाच जुन्या पिवळ्या चादरीचे तुकडे करून गुंडाळल्या होत्या. मी चाचपडत एक गाठोडं उचललं आणि नवरदेवाकडे गेलो. हळदीपासून त्याच्या हातात घरचा अडकित्ता होता. "सुपारी फोडायला चाललास का?" असं म्हणत मी तो काढून घेतला, कोनाड्यात ठेवला आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. धानोऱ्यापलीकडच्या नवरीच्या गावापर्यंत त्याने ते जीपमध्ये छातीशी धरलं होतं.

मांडवाच्या दाराशी नवरीच्या मोठ्या आत्याबाई आरती घेऊन उभ्या. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. लिंबू खोचायला म्हणून मी स्वतःच तोऱ्यात कापड सोडलं आणि माओरी चेहऱ्याने आत्याबाईंना जीभ दाखवली.

वाजंत्री थांबली.

"हे कोन?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्यूझीलंडचं आहे," मी म्हणालो.

"वरातीसंगं आलं का?"

मी गाठोड्यांचा खुलासा करायला लागलो, पण तो मलाच पटेना. आत्याबाईंनी आरती खाली ठेवली. लोखंड नाही तर नवरदेव आत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. भटजी घड्याळाकडे पाहत होते आणि मामाजी माझ्याकडे. तेवढ्यात नवरीच्या काकांना कल्पना सुचली. या लाकडाच्या कपाळात एक खिळा ठोकायचा, त्यावर लिंबू खोचायचं, म्हणजे लोखंडही झालं आणि लिंबूही. सगळ्यांना ती फारच आवडली. मांडववाल्याचा हातोडा आला, खिळा शिंपल्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध टेकला.

एका बाजूला साळ्याचं लग्न आणि मामाजींची इज्जत होती, दुसऱ्या बाजूला माझा सोटा. मला लग्नाची काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. मी झडप घालून सोटा पोटाशी धरला आणि ओरडलो, "ठोकू नका, याले खाण्याची वस्तू चालत नाई!"

बायकोने डोळे मिटून घेतले. आता मामाजी मला सोट्यासकट वैनगंगेत बुडवणार, असं मला वाटलं. ते पुढे आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "बाई, ज्यायनं हे बनवलं, त्यायचा तसा नेम आहे. तुमचा नेम लोखंडाचा, त्यायचा हा. आपन दोन्ही पाळू."

मामाजी आता नाहीत. पण आजही तो सोटा पुसताना त्यांचं ते बोलणं आठवतं.

"नेम आहे तं पहिले काऊन नाई सांगतलं?" असं म्हणून आत्याबाईंनी घरातून धान कापायचा विळा आणला. त्याच्या टोकाला लिंबू खोचलं आणि नवरदेव कापणीला निघाल्यासारखा आत गेला. मीही मागोमाग निघालो, तर आत्याबाईंनी मला अडवलं.

"याले आत नका आनू, जवाईबापू. इथी सारं खान्याचंच आहे. अक्षताही तांदूळच ना."

त्या माझ्यापेक्षा काटेकोर निघाल्या. सोटा परक्या गावात खाली ठेवायची माझी हिंमत नव्हती. सगळी मंगलाष्टकं मी मांडवाबाहेर, पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगापाशी, सोटा हातात घेऊन ऐकली. मग पंगत बसली. वांग्याच्या भाजीचा वास बाहेरपर्यंत येत होता. बायको ताट घेऊन आली, चार हातांवर थांबली, तिने सोट्याकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहून सगळं जेवली. बुंदीसुद्धा!

पाहुणे परतायला लागले तेव्हा नवरीकडच्या एका आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाबास, भाऊ. एवढं मोठं लगन झालं, पन एकही चप्पल चोरी नाई गेली."

त्या लग्नात जावयाच्या वाट्याला आलेला तेवढाच मान होता. मी तो घेतला आणि त्यांना त्यांच्या चपला शोधून दिल्या.