पायरीवर ठेवलेलं कोहळं

आमच्या घरात देव नाही. वडलांच्या हयातीतच धम्म घेतला, तेव्हापासून भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. म्हणून असेल कदाचित, पण देव मानणारा माणूस एखादी गोष्ट देवासाठी करतो म्हणजे नेमकं काय करतो, याचं मला लहानपणापासून फार कुतूहल. आणि माझ्या शेजारीच राहायला आल्या सिस्टरबाई. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. ख्रिस्ती. मग काय, मी त्यांना विचारून विचारून भंडावलं.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आर्णीच्या बाजारात दोन बाया भेटल्या तरी भाव आणि बोंडअळी, तिसरा विषय नाही. त्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईचा नवरा वारला. जिवंत होता तेव्हा त्याचं वरच्या वावरवाल्याशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण. माणूस गेला, भांडण मात्र राहिलं. वरच्यानं ऐन वेचणीत पांदणीवर बाभळीच्या काट्या टाकल्या. तिच्या वावरातून बैलबंडी बाहेर काढायला तेवढाच रस्ता. वेचलेला कापूस वावरात गंजी लावून पडलेला, वर आभाळ भरून यायला लागलेलं. भिजला की काळा पडणार, मग त्याला कोण विचारतो! चार माणसं सांगायला गेली, तशीच परत आली.

सिस्टरबाई गेल्या आणि काट्यांपुढं पोतं टाकून बसल्या. भांडण नाही, बोलणं नाही. नुसत्या बसल्या, पांढरं लुगडं नेसून.

"सिस्टर, घरी जा, ऊन लागन," तो वरचा वावरवाला बैल घेऊन जाताना म्हणे.

"तू काट्या काढ, मी जाते."

"मंग बसा."

मी डब्यात भाकर घेऊन जायची. विचारायची, "तुमची ना जात तिची, ना नातं. तुम्ही कायले बसून राह्यल्या?"

"येशू असता तर कुठं बसला असता, सांग बरं?"

आता मला काय माहीत तो कुठं बसला असता! पण त्या दिवसापासून मी त्या पोत्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहायला लागले.

शनिवारी मात्र त्यांचा तोल गेला. त्यानं हसत हसत मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी वंगाळ म्हटलं, तशा बाई उठल्या आणि ओरडल्या, "तुझं पोरगं माझ्या हातानं जगात आलं, याची मले लाज वाटते!" त्याचा चेहरा उतरला. आम्हा बायांना तर लई बरं वाटलं. कोणीतरी बोललं एकदाचं!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये पिकाचा सण. ज्याच्याकडे जे पिकलं ते देवापुढं आणून ठेवायचं, प्रार्थना झाली की त्याचाच लिलाव. मी म्हटलं, मलेही न्या, पाहू तरी. बाईंनी परसातलं मोठं कोहळं काखेत घेतलं, ऑटोनं आम्ही आर्णीला गेलो. आत पेटीवर गाणं सुरू झालेलं, देवापुढं धान्याची पोती, पपया, एका डालीत कोंबडी. मी पायातली चप्पल काढतच होते, तर बाई दारातच थांबल्या. कोहळं पायरीवर ठेवलं आणि मागं वळल्या.

"काहून? काय विसरलं?"

"चल गावात. त्याची माफी मागायची हाय. कोणाशी वाकडं असताना देवाजवळ काही न्यायचं नाही, आमच्यात तसं सांगून ठेवलं."

"अवो, पण चूक त्याची हाय ना!"

"काट्या त्याच्या. बोल माझे."

गावात परतलो तेव्हा तो अंगणात बसला होता. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाबा, पोराबद्दल बोलले ते चुकलं माझं. माफ कर."

तो गोंधळला. "म्हंजे आता काट्या काढाव्या लागतीन मले?"

"काट्या तर काढच. पण माफी त्याच्यासाठी नाही मागितली. नाही काढल्या तर प्रार्थना करून येते आणि पुन्हा पोतं टाकते."

आतून त्याची बायको म्हणाली, "काढा हो! माह्या बाळंतपणात दोन रात्री बसल्या होत्या त्या, तुम्ही घोरत होते."

त्यानं बायकोकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमची बंडी जाऊ देईन. तिची नाही."

"माझ्याजवळ बंडी कुठं? तिचीच मागून आणीन."

हसू दाबायला त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

दुपारी काट्या सरकल्या, बंडीच्या चाकाएवढ्याच, बोटभरही जास्त नाही. ती बाई बैल हाकत होती, सिस्टरबाई तिच्याशेजारी आणि मी मागं कापसाच्या ढिगावर. काट्यांजवळ तो उभा होता, बैल बुजले तर धरायला. असं तोच म्हणाला.

मी वरून विचारलं, "सिस्टर, हे तुम्ही देवासाठी केलं का हिच्यासाठी?"

"तू नीट बस, पडशीन," त्या म्हणाल्या. मग जराशानं, "आणि माझं कोहळं राह्यलं ना तिकडं पायरीवर! सण सुटला असन आता."

पाठीमागून तो म्हणाला, "मोटरसायकल काढू का? नेऊन देतो."

आणि बाई खरंच उतरल्या.